चुलीत काय जळते?

(अभ्यासपाठ : कुटुंब उपासना, महिला संघ व तरुण संघ यांच्यासाठी)

वाचनासाठी शास्त्रभाग : विलापगीत ५:१–५, यहेज्केल ४:९–१७, याकोब २:१४–१७, प्रेषितांची कृत्ये ९:३६–३९



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी गॅस आहे. बटण फिरवले की ज्योत लागते, गिझर लावला की पाणी तापते. ‘आज काय जाळायचे?’ हा प्रश्न आपल्याला सकाळी उठल्याबरोबर पडत नाही. भिवंडी तालुक्यातील कातकरी पाड्यांवर आणि वीटभट्ट्यांवर मात्र हा प्रश्न रोजचा आहे, आणि थंडीच्या दिवसांत तो दोनदा पडतो : एकदा भाकरीसाठी आणि एकदा उबेसाठी.

या पाठात आपण तीन गोष्टी पाहू. गरिबाच्या चुलीत कचरा का जातो, तो जळल्यावर काय होते, आणि त्या जागी आपण काय देऊ शकतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘हे जाळू नका’ असे सांगायला दोन मिनिटे लागतात. पण त्याबरोबर ‘हे घ्या’ असे म्हणता आले नाही, तर ती दोन मिनिटे वाया जातात.

१. भिवंडीची चूल

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मागांवरून चिंधी, तुटके सूत, कापडाच्या कडांच्या पट्ट्या आणि सुताचे रिकामे कोन निघतात. गेल्या काही वर्षांत काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या बाजूला मोठमोठी गोदामे उभी राहिली. तिथून खोकी, थर्माकोल, प्लॅस्टिकचे गुंडाळे आणि लाकडी पॅलेट बाहेर पडतात. यातले बरेचसे भंगारवाल्याकडे जाते. जे तोही घेत नाही ते रस्त्याच्या कडेला पडते, आणि तिथून चुलीपर्यंत येते.

दिवाळीनंतर वाडा, शहापूर, जव्हार, मोखाडा या भागांतून आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. मालकाकडून आधी घेतलेली उचल, म्हणजे बयाणा, अंगावर असतो. आठवड्याला ‘खर्ची’ मिळते, तीवर घर चालते. राहायला कच्च्या विटा रचून, वर पेंढा आणि प्लॅस्टिकचा कागद टाकून केलेली खोप असते. भिवंडीला थंडी ती कसली, असे मुंबईकर म्हणतील. पण डिसेंबर-जानेवारीत, नदीकाठच्या उघड्या शेतात, दव पडलेल्या जमिनीवर एका चादरीत चार माणसे झोपतात, तेव्हा पहाटे तीननंतर कोणालाही झोप लागत नाही. मग शेकोटी पेटते. आंघोळीला पाणी तापवायचे असते. घरात बाळंतीण असेल तर शेक द्यायला शेगडी लागते.

एका भट्टीवर मी एका बाईंना चुलीत रंगीत चिंधी सारताना पाहिले आणि विचारले, “मावशी, लाकूड नाही का?” त्या म्हणाल्या, “लाकूड आनाया गेलं तं फॉरेस्टवाला धरतो. इकत घ्यावं तं खर्चीत भागत नाय. ही फुकट हाय, न् पेटते पन लगेच. तुमीच सांगा ताई, दुसरं काय जालू?”

त्यांना धुराचा त्रास कळत नव्हता असे नाही. नातवाला त्यांनी चुलीपासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला झोपवले होते. अडाणीपणामुळे लोक कचरा जाळतात, हा समज आपण या पाठाच्या सुरुवातीलाच बाजूला ठेवू या.

२. सरपणाला किंमत कशी आली

कातकरी हे नावच काथावरून आले आहे. खैराच्या लाकडाचे तुकडे उकळून काथ काढणे हा या समाजाचा जुना व्यवसाय. म्हणजे ज्यांची ओळखच झाडापासून झाली, त्यांनाच आज जळाऊ लाकूड मिळत नाही. इंग्रजांच्या काळात जंगले राखीव झाली. १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे राखीव वनातून परवानगीवाचून लाकूड नेणे हा गुन्हा ठरतो. पुढे जंगलच विरळ झाले, पाड्याभोवतीच्या जमिनी विकल्या गेल्या, कुंपणे पडली. डोक्यावर मोळी घेऊन येणारी बाई आज तिघांना चुकवत येते : वनरक्षकाला, जमीनमालकाला आणि भरधाव ट्रकला.

विलापगीताच्या पाचव्या अध्यायात यरुशलेमेच्या पाडावानंतरचे लोक देवापुढे आपली गाऱ्हाणी मांडतात. वतन परक्यांकडे गेले, घरे दुसऱ्यांची झाली, आम्ही पोरके झालो, असे ते सांगतात. आणि या मोठ्या दुःखांच्या रांगेत चौथ्या वचनात एक अगदी घरगुती गाऱ्हाणे येते : स्वतःचे पाणी पैसे देऊन प्यावे लागते आणि स्वतःचे लाकूड विकत घ्यावे लागते. मंदिर जळाल्याचे दुःख मांडणाऱ्या पुस्तकाने सरपणाचा हिशेबही नोंदवून ठेवला आहे. देवापुढे मांडण्यासारखी ही बाब आहे, असे त्या लोकांना वाटले. आपल्या प्रार्थनासभेत ‘सरपण’ हा प्रार्थनेचा विषय कधी आला आहे का, याचा विचार आपण करावा.

३. जळते काय आणि निघते काय

सगळा कचरा सारखा नसतो. चुलीत काय जाते त्यावर धुरात काय येते हे ठरते.

पॉलिएस्टरची चिंधी : भिवंडीच्या मागांवर कृत्रिम धाग्याचे कापड मोठ्या प्रमाणावर विणले जाते. हा धागा वितळत जळतो, काळी काजळी सोडतो आणि त्याचा तापलेला थेंब कातडीला चिकटला तर खोल भाजते. नायलॉन आणि अॅक्रिलिक जळताना धुरात सायनाइडचा विषारी वायूही येऊ शकतो.

पीव्हीसी : वायरीचे वेष्टण, रेक्झिन, पाइपाचे तुकडे, काही चपला. यात क्लोरीन असते. जळताना आम्लाचा वायू निघतो, तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. शिवाय डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात. ती शरीरातील चरबीत वर्षानुवर्षे साठतात आणि आईच्या दुधातून बाळापर्यंत पोहोचतात. या गटातील विषांना आळा घालण्यासाठी २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला. भारत २००६ मध्ये त्यात सामील झाला.

थर्माकोल, टायर, रबर : दाट काळा धूर. त्यात बेंझीन, स्टायरीन आणि कर्करोगाशी जोडली गेलेली इतर द्रव्ये असतात.

प्लायवूड, रंग दिलेले किंवा औषध मारलेले लाकूड : प्लायच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड निघते. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि ते राखेतही उरते. त्या राखेने भांडी घासली किंवा ती परसातल्या भाजीला घातली, तर ते पुन्हा पोटात जाते.

कोणी म्हणेल की दवाखान्याचा कचरासुद्धा जाळतातच ना? हो, पण त्याच्या भट्टीसाठी नियम आहेत. पहिल्या कक्षात कचरा जळतो, आणि त्याचा धूर दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश तापमानात निदान २ सेकंद राहिला पाहिजे, म्हणजे त्यातील विषे मोडतात. तीन दगडांच्या चुलीत एवढी उष्णता टिकत नाही आणि धुराला दुसरा कक्षही नसतो. तिथे धुराचा दुसरा कक्ष म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईची छाती.

साध्या लाकडाचा धूरही निर्दोष नाही, हे येथे सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील चुलींच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाखांहून अधिक होती. लाकडाचा धूर वाईट, आणि कचऱ्याचा त्याहून वाईट.

एक धोका असा आहे की तो दिसत नाही आणि त्याला वासही नाही. कोळसा किंवा लाकूड पुरेशी हवा न मिळता धुमसते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. माणसाला गुंगी येते आणि झोपेतच मृत्यू येतो. दव आत येऊ नये म्हणून खोप प्लॅस्टिकने गच्च बंद केली आणि आत निखाऱ्याची शेगडी ठेवली, तर ती खोप सापळा होते. भट्टीचेही तसेच आहे. मार्च २०२३ मध्ये छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात धगधगत्या वीटभट्टीवर उबेसाठी झोपलेले पाच मजूर गुदमरून मेले. आपल्या भागातील प्रत्येक भट्टीवर ही बातमी सांगायला हवी.

४. ‘नको’ म्हणून न थांबलेला देव

आता यहेज्केलाचा चौथा अध्याय उघडा. यरुशलेमेला वेढा पडणार आहे हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, म्हणून देव संदेष्ट्याला एक चिन्ह करायला सांगतो. गहू, जव, कडधान्ये अशी मिळतील ती धान्ये एकत्र करायची, भाकर तोलून खायची, पाणी मापून प्यायचे. आणि भाकर भाजायची ती माणसाच्या विष्ठेवर. वेढ्यात सापडलेल्या शहरात सरपण संपते आणि हाताला लागेल ते जाळावे लागते, हा त्याचा अर्थ.

यहेज्केल इथे हरकत घेतो. धान्याच्या मिश्रणाबद्दल नाही, मोजक्या पाण्याबद्दलही नाही. तो जळणाबद्दल हरकत घेतो. मी आजवर स्वतःला विटाळू दिले नाही, अशी त्याची विनवणी आहे. देव ती ऐकतो. पण कसे ऐकतो ते पाहा. तो केवळ ‘बरे, ते जाळू नकोस’ एवढे म्हणून थांबत नाही. त्याऐवजी गाईचे शेण घे, असे सांगतो. आपल्या गावाकडच्या गोवऱ्या डोळ्यांपुढे येतात.

या छोट्या प्रसंगातून मी दोन गोष्टी शिकले. पहिली, हे जळण माणसाला शोभत नाही असे म्हणण्याचा अधिकार चूल पेटवणाऱ्याला आहे, आणि देव त्याचा राग मानत नाही. दुसरी, ‘नको’ च्या पाठोपाठ ‘हे घे’ आले. पर्याय भारी नव्हता. तो जवळचा, फुकटचा आणि लोकांच्या ओळखीचा होता. सेवाकार्यातील आपल्या सूचना या कसोटीला उतरतात का?

याकोबाने हेच उलट बाजूने सांगितले आहे. उघड्यावाघड्या, उपाशी भावाला वा बहिणीला कोणी ऊब घ्या, पोटभर खा असे म्हणून निरोप दिला आणि शरीराला लागणारे काहीच दिले नाही, तर उपयोग काय, असे तो विचारतो. तिथे अन्नाच्या आधी उबेचा उल्लेख आहे. अन्नदान आपण पुष्कळ करतो. उबेचे काय?

५. ‘हे घ्या’ : बरे जळण

पाड्यावर करता येण्यासारख्या, कमी खर्चाच्या गोष्टी खाली देते.

भुशाची शेगडी : आपल्या आजी-आजोबांच्या घरात ही होती. तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा. तळाशी एका बाजूला मूठभर भोक पाडावे. डब्याच्या मधोमध बाटली किंवा लाटणे उभे धरावे, भोकातून एक दांडका आडवा घालून तो बाटलीला टेकवावा, आणि भोवती लाकडाचा कोरडा भुसा दाबून भरावा. मग बाटली व दांडका अलगद काढून घ्यावेत. खालच्या भोकातून पेटवले की मधल्या पोकळीत ज्योत चढते आणि सारखे पुढे बसावे न लागता ती बराच वेळ चालते. भुसा लाकडाच्या वखारीतला असावा, प्लायच्या कारखान्यातला नको. शेगडी पडवीत किंवा उघड्यावर ठेवावी.

भाताचे तूस : ठाणे-पालघर हा भातपट्टा आहे. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस निघते. गिरणीत ते स्वस्त मिळते. वरच्यासारख्याच डब्यात ते भुशात मिसळून चालते. त्याची राख मात्र फार होते, म्हणून भोक अधूनमधून मोकळे करावे लागते.

पॅलेटचे लाकूड : परदेशी मालाबरोबर येणाऱ्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या कणसासारखी खूण आणि इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. ‘एच टी’ असेल तर लाकूड फक्त उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते. ते रंग व तेल लागलेले नसेल तर जाळायला चालते. ‘एम बी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते नको. खूणच नसेल तर लाकडाला रंग, वास वा औषधाचा हिरवट डाग आहे का ते पाहावे, आणि शंका आली तर सोडून द्यावे.

चिंधीची परीक्षा : एक धागा काढून काडीने पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आखडते, वितळते आणि कडक मणी होतो. माग चालवणाऱ्यांना ही परीक्षा ठाऊकच असते. नाइलाजाने थोडी चिंधी पेटवणासाठी लागलीच तर ती कोरी सुतीच असावी, रंगीत नको.

सुके सरपण : ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातील पाणी आटवण्यातच जाते आणि धूर दुप्पट होतो. पावसाळ्यापूर्वी काटक्या, तुराट्या, गोवऱ्या उंचावर झाकून ठेवणे हेही आरोग्याचेच काम आहे.

पेंढ्याची पेटी : भाताला उकळी आली की पातेले चुलीवरून उतरवावे आणि पेंढा गच्च भरलेल्या खोक्यात किंवा टोपलीत ठेवून वर पेंढ्याची उशी झाकावी. आतल्या उष्णतेवरच भात शिजून होतो. खोके गोदामाचे, पेंढा शेताचा, आणि सरपण वाचते.

ज्या पाड्यावर लोक वर्षभर राहतात तिथे आणखी पुढे जाता येते. पुण्यातील डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची साधी पद्धत विकसित केली, आणि स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्रही तयार केले. या कामांना २००२ आणि २००६ मध्ये इंग्लंडचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. आणखी मागे गेलो तर मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस तयार करून तो दिव्यांसाठी वापरल्याची नोंद आहे. ज्या वस्तूवर भाकर भाजायला यहेज्केल धजावला नाही, तिच्यातूनच, नीट रीतीने हाताळल्यावर, समाजाने बाहेर काढलेल्या माणसांच्या घरात उजेड पडला. टाकाऊ वस्तू वापरू नये असे आपले म्हणणे नाहीच. तिचा वापर जिवावर न बेतता व्हावा, एवढेच म्हणणे आहे.

६. ऊब फक्त आगीतून येत नाही

भिवंडीत काम करताना मला एक गोष्ट दिसत गेली. जी चिंधी चुलीत दहा मिनिटांत संपते, तीच गोधडीत दहा हिवाळे टिकते. पॉलिएस्टरची पट्टी जाळली तर विष, आणि दोन जुन्या साड्यांच्या मध्ये थर लावून टाके घातले तर पांघरूण. भिवंडीत चिंधीला तोटा नाही आणि पाड्यावरच्या बायकांच्या हाताला टाका ठाऊक आहे. तिला फक्त सुई, जाड दोरा, दुपारची दोन तासांची सावली आणि चार जणींची सोबत लागते. खाली पेंढ्याची गादी आणि वर गोधडी असली की पहाटेची शेकोटी निम्म्यावर येते.

पेत्राला यापोला बोलावून नेले तेव्हा विधवांनी रडत रडत त्याला काय दाखवले? तबीथेने, म्हणजे दुर्कशीने, त्यांच्यासाठी केलेली वस्त्रे. तिने काय शिकवले याची नोंद नाही, काय शिवले याची आहे. प्रत्येक महिला संघाला यात आपले काम सापडेल.

बाळंतीण आणि तान्हे मूल यांचा विषय वेगळा सांगते. आपल्याकडे शेक-शेगडीची रीत जुनी आहे आणि तिच्यामागची माया खरी आहे. पण बंद खोपीत धुराची शेगडी नवजात बाळाच्या फुप्फुसाला सोसत नाही. बाळ कमी वजनाचे असेल तर त्याला उबेची गरज अधिक आणि धुराचा धोकाही अधिक. अशा वेळी कांगारू पद्धत शिकवावी. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडे घालून आईच्या उघड्या छातीशी उभे धरायचे आणि दोघांना मिळून एका कपड्यात गुंडाळायचे. आईच्या अंगची ऊब बाळाला मिळते, दूधही सहज पाजता येते. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहराच्या एका रुग्णालयात, काचपेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाली. आज जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. आई दमली तर बाप किंवा आजीही बाळाला असे धरू शकते. आशाताईंना ही पद्धत माहीत असते. त्यांना खोपीपर्यंत घेऊन जाणे हे आपले काम.

७. हक्काची ऊब

पर्याय देताना दान आणि हक्क यांतला फरक विसरू नये. काही गोष्टी आदिवासी कुटुंबाच्या हक्काच्याच आहेत.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. २०१८ पासून तिच्यात अनुसूचित जमातींच्या सर्व गरीब कुटुंबांचा समावेश झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांसाठी एक मोठी अडचण दूर झाली : पत्त्याच्या पुराव्याऐवजी आणि रेशनकार्डाऐवजी स्वयंघोषणापत्र चालते. भट्टीवर राहणाऱ्या कुटुंबासाठी हे फार मोलाचे आहे. मोठे सिलिंडर एकदम घेणे परवडत नसेल तर ५ किलोचे लहान सिलिंडर मागता येते. जोडणी मिळाली तरी पुढचे सिलिंडर भरून आणणे जड जाते, हे आपण पाहतोच. म्हणून अनुदान ज्या खात्यात येते ते खाते चालू आहे का, आधारशी जोडले आहे का, हे तपासायला मदत करावी.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासी आदिवासींचा हक्क मान्य केला आहे, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड व बुंधेही येतात. पाड्याने ग्रामसभेमार्फत सामूहिक दावा केला असेल तर मोळी आणणारी बाई चोर ठरत नाही. दावा झालेला नसेल तर तो करायला मदत करणे हे एखाद्या गोधडीइतकेच उबदार काम आहे.

कातकरी हा महाराष्ट्रातील तीन अतिदुर्बल आदिम जमातींपैकी एक आहे. इतर दोन कोलाम आणि माडिया गोंड. या जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पीएम-जनमन अभियान सुरू झाले. त्यात पक्की घरे आहेत. घर मंजूर होते तेव्हा चुलीच्या जागी खिडकी आणि धुराडे ठेवले आहे ना, एवढे पाहायला आपल्या मंडळीतील एखादे अभियंता बंधू गेले, तर तेही सेवाकार्यच.

८. मंडळीने काय करावे

नाताळ जवळ आला की पाड्यांवर वाटायला सामान गोळा होते. त्याविषयी चार विनंत्या.

पहिली, कपडे देताना सुती, लोकरी आणि घालण्याजोगे द्या. फाटलेला चमकीचा कृत्रिम कपडा अंगावर जात नाही, चुलीत जातो.

दुसरी, जेवणासाठी थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लॅस्टिकचे पेले आणू नका. पळसाच्या पत्रावळी चालतात, घरची ताटे त्याहून बरी. भेटवस्तूंवरचे चकचकीत वेष्टण काढून ते परत घेऊन जा.

तिसरी, ज्यांचे माग, गोदामे वा वखारी आहेत किंवा जे तिथे नोकरीला आहेत, त्यांनी कोरडा भुसा, स्वच्छ पॅलेट आणि निवडलेली चिंधी पाड्यापर्यंत पोहोचवायची व्यवस्था करावी. नको असलेला माल तिथे टाकून येऊ नये. निवड आधी, वाहतूक नंतर.

चौथी, चुलीपाशी बसल्याशिवाय चुलीविषयी बोलू नका. धूर डोळ्यांत गेला की सल्ला आपोआप लहान होतो आणि मदत मोठी होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. विलापगीत ५:४ मधील लोकांची आणि आपल्या भागातील मोळी आणणाऱ्या बायकांची स्थिती कोठे सारखी आहे, कोठे वेगळी?

२. यहेज्केलाने हरकत घेतली नसती तर काय झाले असते? आपल्या पाड्यावरील लोक कोणत्या गोष्टीला हरकत घेत आहेत आणि ती आपण ऐकली आहे का?

३. आपल्या मंडळीच्या मागील वर्षाच्या मदतीत ‘नको’ किती होते आणि ‘हे घ्या’ किती?

४. तरुण संघाने भुशाची शेगडी करून पाहावी. किती भुसा लागला, किती वेळ चालली, धूर किती झाला, हे लिहून पुढच्या सभेत सांगावे.

प्रार्थनेचे विषय

वीटभट्ट्यांवर या हंगामात राहणारी कुटुंबे, विशेषतः गरोदर माता आणि तान्ही मुले. धुराने डोळे आणि छाती गमावलेल्या वृद्ध स्त्रिया. वनहक्काचे प्रलंबित दावे आणि ते हाताळणारे अधिकारी. यंत्रमागांवर रात्रपाळी करणारे कामगार. आणि ज्या घरात आज संध्याकाळी चूल पेटेल, त्या प्रत्येक घरातील स्वयंपाक करणारे हात.